पॅराथायरॉइडची गाठ : वजनकाट्यापासून रिपोर्टपर्यंत

पॅथॉलॉजीच्या टेबलावर पॅराथायरॉइडची गाठ आली की आधी सुरी नाही, वजनकाटा. तोही मिलिग्रॅम दाखवणारा. नॉर्मल पॅराथायरॉइड ग्रंथी ३० ते ५० मिलिग्रॅमची, लांबीला पाच-सहा मिलिमीटर. मानेत थायरॉइडच्या मागच्या अंगाला अशा साधारण चार असतात आणि चारही एकत्र तोलल्या तरी काटा १५० मिलिग्रॅमच्या आसपासच थांबतो. एवढ्याशा वजनात चरबीचा एक पुंजका चिकटून राहिला तरी हिशेब बिघडतो आणि धडधाकट ग्रंथी ‘वाढलेली’ ठरते. म्हणून चरबी बारीक कात्रीने सोडवायची, ग्रंथी टिपकागदावर हलकेच लोळवून ओल काढायची आणि मग काट्यावर ठेवायची.

हा नियम एकाच प्रसंगी मोडायचा. गाठीसोबत थायरॉइडची एक बाजू, चरबी, स्नायूचा तुकडा असं सगळं एकसंध आलं असेल, तर काहीही सोडवायचं नाही. सर्जनने ते एकत्र काढलेलं असतं कॅन्सरच्या शंकेनेच, आणि उत्तर नेमकं त्या चरबीतच दडलेलं असू शकतं. वजन मग सगळ्याचं मिळून घ्यायचं आणि तसं स्पष्ट लिहायचं.

नेहमी येणारी गाठ म्हणजे अ‍ॅडिनोमा: साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली, मऊ, लालसर तपकिरी, पातळ आवरणाची, बहुधा एक ग्रॅमच्या आतबाहेर. कधीकधी तिच्या कडेला मूळ ग्रंथीची पिवळसर किनार उरलेली दिसते. कॅन्सरच्या शंकेची गाठ हातातच वेगळी लागते. ती कडक असते, कापली की करडी-पांढरी दिसते, आकाराने तीनेक सेंटीमीटरची आणि वजनाला दोन ग्रॅमच्या पुढची असते. सोबतच्या कागदावर रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम वाढवणारा पॅराथायरॉइडचा हॉर्मोन) लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारून घेतो. अ‍ॅडिनोमात कॅल्शियम १०.५ च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) थोडंसं वर रेंगाळतं. कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा १४ ओलांडतं, पीटीएच कित्येक पटींनी वाढलेलं असतं आणि मानेवर गाठ हाताला लागते, जी अ‍ॅडिनोमात जवळजवळ कधीच लागत नाही. अ‍ॅडिनोमा बायकांमध्ये तीन-चार पट जास्त, कॅन्सर मात्र स्त्री-पुरुषांत सारखाच. पण यातल्या कुठल्याही गोष्टीने निदान होत नाही. शंका फक्त घट्ट होते.

ऑपरेशन चालू असताना तुकडा फ्रोझनसाठी आला, तर उणे वीस अंशांवर गोठवून पाच मायक्रॉनचा काप घेतो आणि एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: हा पॅराथायरॉइडच आहे का? लिम्फ नोड नाही ना, थायरॉइडचा गोळा नाही ना? ‘साधी की कॅन्सरची’ हे फ्रोझनवर सांगायचं नसतं. विचारणारा कितीही घाईत असो.

आता रंग. गाठीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावायची, पुढच्या-मागच्या बाजूला वेगवेगळी. कारण नंतर स्लाइडवर ‘कड कुठली’ हे सांगणारी तेवढी एकच खूण उरते. शाई लावण्याआधी पृष्ठभाग कोरडा करावा लागतो. ओल्यावर लावली की ती ओघळून भेगांत शिरते आणि आतला भागही कडेसारखा दिसायला लागतो. शाईवर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा बोळा फिरवला की ती पक्की बसते. मग मधोमध एकच काप, आणि गाठीच्या किमान दहापट फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर. अखंड गाठ तशीच टाकली तर फॉर्मॅलिन मध्यापर्यंत पोचत नाही. उलट ताजीच बारीक कापली तर आवरण आकसून मागे सरतं, पेशी बाहेर फुगतात आणि आवरण फोडून बाहेर आल्यासारखं खोटंच चित्र तयार होतं. एक काप हा यातला मधला मार्ग.

ती रात्र जाईपर्यंत, नव्याने शिकायला आलेले डॉक्टर जो प्रश्न हटकून विचारतात तो घेऊ. पॅराथायरॉइड जास्त काम करतेय म्हणून ऑपरेशन झालेल्या रुग्णांत कॅन्सर शंभरात एकालाही निघत नाही. असं का?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं: ग्रंथी इवलीशी, पेशी कमी, म्हणून कॅन्सर कमी. ग्रंथी इवलीशी आहे हे खरंच. माणसातली ही ग्रंथी आयव्हर सँडस्ट्रोम या उप्सालाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने वर्णन केली ती १८८० मध्ये, म्हणजे बाकी सगळे अवयव सापडून झाल्यावर. आणि त्याआधी ती रिचर्ड ओवेन या प्राणिशास्त्रज्ञांना दिसली होती ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या गेंड्यात. पण आकारावर सगळं भागत नाही. लहान आतडं सहा मीटर लांब, त्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, तरी त्याचा कॅन्सर दुर्मिळ. त्याला जोडून असलेलं दीड मीटरचं मोठं आतडं मात्र कॅन्सरच्या यादीत वर.

दुसरं उत्तर पेशींच्या विभाजनाचं. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. टोमासेटी आणि व्होगेलस्टाइन या संशोधकांनी २०१५ मध्ये ३१ प्रकारच्या ऊतींचा हिशेब मांडून दाखवलं, की मूळ पेशी आयुष्यभरात जितक्या जास्त वेळा दुभंगतात तितका त्या जागेचा कॅन्सर जास्त आढळतो. पॅराथायरॉइडची पेशी दुभंगण्यात फारच कंजूष. नॉर्मल ग्रंथीच्या स्लाइडवर विभागणारी एक पेशी शोधायला बसलं तर तास मोडतो. तिला गरजच पडत नाही. कॅल्शियम घसरलं की साठवलेला हॉर्मोन काही सेकंदांत रक्तात सुटतो. तेवढ्याने भागलं नाही तर पेशी आतल्या आत हॉर्मोनची मोडतोड कमी करते, मग काही तासांत नवा हॉर्मोन बनवण्याचा वेग वाढवते. पेशींची संख्या वाढवणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही कॅल्शियम आठवडे-महिने खाली राहिलं तर.

हे उत्तर बरंचसं पटतं, पण इथेही एक काटा आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांमध्ये हाच शेवटचा उपाय वर्षानुवर्षं चालू राहतो. ग्रंथी फुगत जातात, एकेक दहा-वीस पट होते, त्यांत गाठी धरतात. विभाजन भरपूर, तरी कॅन्सर दुर्मिळच. आणि शेजारची थायरॉइड बघा. तिची पेशीही आळशीच. प्रौढ आयुष्यात पाचेक वेळा दुभंगते असा अंदाज आहे. कॅन्सर मात्र थायरॉइडचा कितीतरी जास्त.

दोन्ही ग्रंथी एकमेकींना चिकटून, एकच रक्तपुरवठा. फरक कामात आहे. थायरॉइड रक्तातलं आयोडीन ओढून साठवते आणि हॉर्मोन बनवण्यासाठी पेशीच्या टोकाशी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, जो डीएनएला इजा करू शकतो. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन मुलांच्या थायरॉइडमध्ये जाऊन बसलं आणि तिथे थायरॉइडचे कॅन्सर वाढले. पॅराथायरॉइड आयोडीन ओढत नाही. तिला नळी नाही, पोकळी नाही. धूर, अन्न, पित्त, जंतू यांतलं काही तिच्यापर्यंत थेट पोचत नाही. हॉर्मोन बनवायचा आणि सरळ रक्तात सोडायचा, एवढाच तिचा व्यवहार.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि तेच सर्वात कमी सांगितलं जातं: इथे साधी गाठ ही कॅन्सरची पायरी नाही. मोठ्या आतड्यात पॉलिप वाढत वाढत कॅन्सर होतो. तिथे साध्या गाठी जितक्या जास्त, तितका कॅन्सर जास्त. पॅराथायरॉइडमध्ये हा जिना नाही. अ‍ॅडिनोमांत एमईएन१ जनुक बिघडलेला वारंवार सापडतो. कॅन्सरमध्ये बिघडतो तो बहुतेकदा सीडीसी७३, आणि साध्या अ‍ॅडिनोमात तो क्वचितच बिघडलेला असतो. हा जनुक २००२ मध्ये अशा कुटुंबांत सापडला जिथे पॅराथायरॉइडच्या गाठी आणि जबड्याच्या हाडातल्या गाठी एकत्र चालत येतात. तो ‘पॅराफायब्रोमिन’ नावाचं प्रथिन बनवतो आणि त्याच्या दोन्ही प्रती निकामी झाल्याशिवाय ब्रेक सुटत नाही. म्हणजे अ‍ॅडिनोमा हजारोंनी असले तरी कॅन्सरच्या वाटेवर त्यांतले जवळजवळ कुणीच नसतात. ती वाट पहिल्यापासूनच वेगळी असते.

शरीराबाहेर, आमच्या टेबलावर तयार होणारं एक कारणही आहे: व्याख्या. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या छोट्या गाठी शवविच्छेदनात दहातल्या एकात तरी सापडतात. त्या ग्रंथीचा कॅन्सर मात्र पिट्युटरीच्या गाठींत हजारात एक-दोन. कारण तिथे आजूबाजूचं हाड पोखरणाऱ्या गाठीलाही कॅन्सर म्हणायची पद्धत नव्हती; मुख्य गाठीपासून तुटून दूर, मेंदू-मणक्यात किंवा शरीरात अन्यत्र ती रुजलेली दिसली तरच तसं म्हणायचं. अट एवढी कडक ठेवली की आकडा लहानच राहणार. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं उलट. सीटी स्कॅनमध्ये शंभरातल्या चार-पाच प्रौढांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये सहज म्हणून गाठ दिसते, पण तिच्या बाहेरच्या थराचा कॅन्सर दहा लाखांमागे वर्षाला एक-दोन. तिथे दूर पसरण्याची वाट न बघता, वाइस या पॅथॉलॉजिस्टने ठरवलेली नऊ लक्षणं स्लाइडवर मोजतात. तीन किंवा जास्त भरली तर कॅन्सर. जनुकाने तोल कसा फिरतो हेही तिथेच दिसतं: दक्षिण ब्राझीलमध्ये टीपी५३ जनुकातला एकच विशिष्ट बदल पिढ्यानपिढ्या पसरला आहे आणि तिथल्या मुलांत हा कॅन्सर इतर ठिकाणांपेक्षा दहा-पंधरा पट जास्त आढळतो. ग्रंथीचा आकार तोच, वजन तेच.

सकाळी गाठ फॉर्मॅलिनमधून काढतो. आता ती रबरासारखी घट्ट झालेली असते. दोन-तीन मिलिमीटरचे काप, सुरी प्रत्येक कापानंतर पुसून. हे पुसणं नाटकी वाटतं, पण पुसलं नाही तर सुरीला लागलेल्या पेशी पुढच्या कापात रक्तवाहिनीच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि पुढे कुणीतरी दोन दिवस त्यांच्याकडे टक लावून बसतं. गाठ लहान असेल तर सगळीच कॅसेटमध्ये (तुकडे ठेवायच्या जाळीदार डबीत) जाते. मोठी असेल तर मध्यभागातून मोजके तुकडे, आवरण मात्र शक्य तेवढं पूर्ण. उत्तर आवरणात असतं. मध्यभाग कितीही बघितला तरी बोलत नाही. पुढे अल्कोहोल, झायलीन, साठेक अंशांच्या मेणात बसवलेला ब्लॉक, आणि त्यातून मायक्रोटोम या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे काप.

स्लाइड हातात आली की नवा माणूस लगेच चाळीसच्या लेन्सवर जातो आणि मोठाली, वेडीवाकडी केंद्रकं बघून दचकतो. हीच पहिली चूक. हॉर्मोन बनवणाऱ्या ग्रंथींत साध्या गाठीतली केंद्रकंही अक्राळविक्राळ असू शकतात, आणि कॅन्सरच्या पेशी एकसारख्या, सालस चेहऱ्याच्या निघतात. चेहऱ्यावरून इथे काही कळत नाही. चारच्या लेन्सवर राहायचं आणि आवरणाच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारायची. जाड, पांढरट तंतूंचे पट्टे गाठीला कप्प्याकप्प्यांत तोडतायत का, आवरणातून पेशींची जीभ पलीकडच्या चरबीत शिरली आहे का, आवरणातल्या आणि त्याबाहेरच्या रक्तवाहिन्यांत काय आहे.

रक्तवाहिनीपाशी थांबू या. पोकळीत पेशींचा पुंजका दिसला एवढ्याने काही ठरत नाही. पुंजका मोकळा तरंगत असेल, त्याच्या कडा तुटक असतील, भोवती रक्ताच्या गुठळीचं नाव नसेल, तर तो सुरीने ढकललेला समजायचा. खरा शिरकाव वेगळा दिसतो: पेशी भिंतीला एका बाजूने धरून असतात, वरून वाहिनीच्या अस्तराच्या चपट्या पेशींची चादर चढलेली असते, किंवा त्यांना फायब्रिनची गुठळी बिलगलेली असते. म्हणजे त्या पेशी माणूस जिवंत असताना, रक्त वाहत असताना तिथे होत्या. ती पोकळी खरंच वाहिनी आहे का, याचीच शंका असेल तर वाहिनीच्या अस्तराच्या पेशी दाखवणारा सीडी३१ किंवा ईआरजीचा रंग करतो. त्याआधी त्याच ब्लॉकमधून आणखी खोल काप मागवतो. दहातल्या काही वेळा पुढच्या कापात पुंजक्याचा देठ भिंतीला जोडलेला सापडतो, किंवा सगळंच नाहीसं होतं.

फसवणारी चित्रं दोन. एक, जुना रक्तस्राव. मोठ्या अ‍ॅडिनोमात रक्त साकळतं, नंतर तंतू धरतात, लोहाचे तपकिरी कण उरतात आणि पेशींचे काही पुंजके जाड झालेल्या आवरणात अडकून पडतात. आवरण भेदल्याचा हुबेहूब आभास होतो. सुई घालून तपासणी झालेली असेल तर हे हमखास दिसतं, आणि कॅन्सरची शंका असेल तर मानेतल्या पॅराथायरॉइडच्या गाठीत सुई घालू नये याचं हे एक कारण. दुसरं कारण जास्त गंभीर: सुईच्या वाटेवर पेशी सांडून रुजू शकतात. दुसरं फसवं चित्र पहिल्या ऑपरेशनमध्ये गाठ फुटली असेल तेव्हाचं. सांडलेल्या साध्या पेशी चरबीत ठिकठिकाणी रुजतात, कॅल्शियम पुन्हा वाढतं आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या स्लाइडवर सगळीकडे पसरलेला कॅन्सरच दिसतो. पहिल्या ऑपरेशनची नोंद मागवल्याशिवाय असा रिपोर्ट करू नये.

दुर्मिळपणा रिपोर्टिंगच्या टेबलावर कसा आडवा येतो, तो हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. समजा १००० गाठी आल्या आणि त्यांतल्या ५ कॅन्सरच्या. समजा एक लक्षण पाचही कॅन्सरमध्ये दिसतं आणि साध्या गाठींत फक्त शंभरात पाच वेळा. ऐकायला लक्षण भक्कम वाटतं. पण ९९५ साध्या गाठींपैकी सुमारे ५० मध्ये ते दिसेल. म्हणजे लक्षण असलेल्या ५५ गाठी, आणि त्यांत खऱ्या पाचच. स्तनाच्या किंवा आतड्याच्या गाठीत जे लक्षण पुरेसं ठरतं, ते इथे अकरातल्या दहा वेळा खोटं बोलतं. म्हणूनच जाड पट्टे, वाढलेलं विभाजन, पेशींची सलग चादर यांच्या बेरजेवर इथे कॅन्सर म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणानुसार रक्तवाहिनीत, लसिकावाहिनीत किंवा मज्जातंतूभोवती शिरकाव, शेजारच्या अवयवावर खरं आक्रमण, किंवा दूरवर पसरणं, यांपैकी एक तरी हवं. बाकीची लक्षणं असून हे एकही नसेल, तर नाव ‘एटिपिकल पॅराथायरॉइड ट्यूमर’. पळवाट वाटते, पण प्रामाणिक आहे.

मग पॅराफायब्रोमिनचा रंग. तपकिरी केंद्रक म्हणजे प्रथिन हजर. गाठीच्या सगळ्या पेशींची केंद्रकं निळी राहिली तर प्रथिन गेलं, म्हणजे सीडीसी७३ बिघडल्याची शंका. इथे एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: त्याच स्लाइडवरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराची आणि तंतूंमधल्या पेशींची केंद्रकं तपकिरी झाली आहेत का? तीही निळीच असतील तर रंगच लागलेला नाही. गाठीबद्दल काहीही म्हणायचं नाही, परत करायचा. मध्यभागी फॉर्मॅलिन नीट न पोचलेल्या गाठीत हे नेमकं होतं, म्हणून कडेचा ब्लॉक निवडतो. जोडीला विभागणाऱ्या पेशी दाखवणारा की-६७, पाच टक्क्यांच्या वर गेला तर कान टवकारतो. गाठ थायरॉइडमध्ये घुसलेली असेल तर ती मुळात पॅराथायरॉइडचीच आहे हे सिद्ध करायला पीटीएच आणि गाटा३, आणि थायरॉइडची नाही हे दाखवायला टीटीएफ१ आणि थायरोग्लोब्युलिन. हे वगळून घाईत थायरॉइडचा कॅन्सर म्हणून रिपोर्ट गेला, तर पुढे रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनची चर्चा सुरू होते, जे या पेशी घेतच नाहीत.

रिपोर्टमध्ये वजन, माप, कडा, शिरकाव कुठे आणि किती वाहिन्यांत, पॅराफायब्रोमिन राहिलं की गेलं, एवढं हवंच. प्रथिन गेलं असेल तर आणखी एक ओळ: रक्तावर सीडीसी७३ ची जनुकचाचणी करावी. वरकरणी एकट्यादुकट्या वाटणाऱ्या काही रुग्णांतही बिघाड जन्मजात निघतो, आणि मग भावंडांचं आणि मुलांचं कॅल्शियम तपासावं लागतं. एटिपिकल लिहिलं असेल तर कॅल्शियम आणि पीटीएच ठरावीक अंतराने तपासत राहावं, असंही लिहितो. कारण हा कॅन्सर जिवावर बेततो तो बहुधा गाठीच्या ओझ्याने नाही, आवरता न येणाऱ्या कॅल्शियमने, आणि पुन्हा उगवल्याची पहिली खबरही रक्तातच मिळते.

ब्लॉक टाकून देत नाही. पुन्हा उगवायला सरासरी तीनेक वर्षं लागतात, पण वीस वर्षांनी उगवल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा फुप्फुसातून आलेल्या गाठीशेजारी जुनी स्लाइड ठेवावी लागते, आणि ज्या ब्लॉकवर ‘साधा अ‍ॅडिनोमा’ लिहिलेलं आहे त्याच्या आवरणाचे काप पुन्हा, पहिल्यापेक्षा खोल घेतले जातात.